होशंगाबादचा खोटा दाखला

विद्यापीठांनी आसपासच्या शाळांच्या अध्यापनात लक्ष घालावे, असे कुणी सुचवले की एक ठरलेले उत्तर येते. ते सगळे करून झाले आहे. होशंगाबादला दिल्ली-मुंबईचे नामांकित शास्त्रज्ञ तीस वर्षे खपले आणि शेवटी सरकारला ते काम बंद करावे लागले. तेव्हा प्राध्यापकांनी आपले कॉलेज सांभाळावे आणि गुरुजींनी आपली शाळा. हे उत्तर देणाऱ्यांत प्राध्यापक असतात, निवृत्त अधिकारी असतात, क्वचित शिक्षक संघटनांचे पुढारीही असतात. ऐकायला ते अनुभवाचे बोल वाटतात. होशंगाबादला नेमके काय घडले हे ठाऊक नसले की असा अनुभव फार स्वस्तात मिळतो.

म्हणून आधी काय घडले ते पाहू. 1972 साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद, म्हणजे आताच्या नर्मदापुरम, जिल्ह्यातल्या 16 सरकारी शाळांत सहावी ते आठवीचे विज्ञान प्रयोगांतून शिकवायला सुरुवात झाली. पुढाकार दोन संस्थांचा होता : किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर. किशोर भारती उभी करणारे अनिल सद्गोपाल मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) संशोधन सोडून खेड्यात आले होते. टीआयएफआरच्या मंडळींनी मुंबई महापालिकेच्या शाळांत प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाची एक वाट आधीच चाचपून पाहिली होती. यशपाल आणि व्ही. जी. कुलकर्णी ही त्यातली ठळक नावे. 1973 पासून दिल्ली विद्यापीठातल्या शिक्षकांचा आणि संशोधक विद्यार्थ्यांचा मोठा गट होशंगाबादशी जोडला गेला. त्यात भौतिकशास्त्र विभागाची माणसे बरीच होती. हा विभाग दौलतसिंग कोठारींचा. ज्या शिक्षण आयोगाला त्यांचे नाव मिळाले, त्या आयोगाने 1966 च्या अहवालात शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासूनही तुटलेले आहे आणि शाळेपासूनही तुटलेले आहे, ही तक्रार स्पष्ट नोंदवली होती. त्यांच्याच विभागातली माणसे काही वर्षांनी रेल्वेने इटारसीच्या बाजूला जाऊन गावच्या शाळेतल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसली, याला मी योगायोग मानत नाही.

तिथे ही माणसे व्याख्याने द्यायला जात नसत. उन्हाळी प्रशिक्षणात मुलांनी करायचा प्रत्येक प्रयोग आधी शिक्षकांनी स्वतः करायचा आणि विद्यापीठांतून आलेल्या प्राध्यापकांनी त्यांच्या शेजारी बसून करायचा. शाळा सुरू झाल्यावर दर महिन्याला शिक्षकांची गोष्ठी होई. कुठला प्रयोग वर्गात जमला नाही, कुठल्या प्रश्नावर मुले अडली, हे तिथे निघे. मधल्या काळात शाळाभेटी होत. त्यांना तपासणी म्हणत नसत, अनुवर्तन म्हणत. 'बाल वैज्ञानिक' या पुस्तकात उत्तरे छापलेली नव्हती. प्रयोग करून मुलांनीच ती वहीत लिहायची होती. शिक्षकांनी आणलेल्या तक्रारींतून पुस्तकाचे धडे बदलले. चिरफाडीसाठी सुयांऐवजी बाभळीचे काटे आले. पुण्यातल्या टेल्कोत इंजिनिअर असलेले अरविंद गुप्ता 1978 साली रजा घेऊन तिथे गेले आणि आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्हट्यूब व आगकाड्या जोडून त्यांनी भूमितीच्या आकृत्या बनवल्या. मुले पत्राने प्रश्न विचारत आणि त्यांना 'सवालीराम' या नावाने उत्तर जाई. उत्तर शोधायला कधी विद्यापीठातला तज्ज्ञ लागे.

आता मुद्द्याचे. होशंगाबादविषयी लिहिणारे बहुतेक जण इथे थांबतात, बाभळीच्या काट्यांचे कौतुक करतात आणि 'ध्येयवेड्या माणसांची कमाल' म्हणून मोकळे होतात. विरोधकांना हेच वर्णन हवे असते. काम ध्येयवेड्यांचे होते असे एकदा ठरले की ध्येयवेडे दमल्यावर ते संपणारच, हे सिद्ध करावे लागत नाही. पण हा कार्यक्रम नुसत्या वेडावर तीस वर्षे चालला नाही. दिल्ली विद्यापीठातल्या शिक्षकांना क्षेत्रावर राहता यावे म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने फेलोशिपची सोय केली. राज्य सरकारने परवानगी दिली, पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा आणि शाळांना द्यायच्या किटचा खर्च उचलला, पुस्तक सरकारी पाठ्यपुस्तक म्हणून छापले. 1978 मध्ये जिल्ह्यातल्या सगळ्या मिडल स्कूलमध्ये तो लागू झाला. आणि परीक्षा बदलली. होशंगाबादचे मूल आठवीच्या विज्ञानाच्या परीक्षेला पुस्तक आणि वही घेऊन बसे, त्याची प्रात्यक्षिक परीक्षाही होई, आणि प्रश्नपत्रिका काढण्याच्या कामात त्याला शिकवणारे शिक्षकच असत.

ही शेवटची गोष्ट मला सगळ्यांत मोठी वाटते. परीक्षा न बदलता अध्यापन बदलू पाहणारा प्रत्येक पाहुणा शिक्षकाला खड्ड्यात घालतो. पाहुणा टाळ्या घेऊन निघून जातो. मार्चमध्ये पालकांसमोर आणि केंद्रप्रमुखांसमोर उभे राहायचे ते शिक्षकाने. होशंगाबादच्या मंडळींनी हा धोका शिक्षकाच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवला नाही. सरकारशी वाटाघाटी करून परीक्षेचे नियम बदलून घेण्याचे काम शाळेतला गुरुजी करू शकत नव्हता. त्यासाठी विद्यापीठाचे वजन लागत होते आणि ते तिथे योग्य जागी खर्च झाले.

1982 साली एकलव्य ही संस्था या कामासाठी उभी राहिली. 2002 साली कार्यक्रम थांबला तेव्हा तो मध्य प्रदेशातल्या अनेक जिल्ह्यांत मिळून सुमारे हजार शाळांत पोचला होता. थांबला तो राज्य सरकारच्या आदेशाने. जिल्ह्यातल्या राजकारणातून तशी मागणी उठली होती; कारण असे दिले गेले की दहावीच्या निकालात जिल्हा मागे पडतो आणि आपल्या मुलांचे विज्ञान राज्यातल्या इतर मुलांपेक्षा वेगळे का, असे पालक विचारतात. देशभरातल्या शास्त्रज्ञांनी आणि शिक्षणतज्ज्ञांनी विरोधाची पत्रे लिहिली. उपयोग झाला नाही.

निकालाच्या या कारणाकडे जरा बारकाईने पाहा. कार्यक्रम सहावी ते आठवीपर्यंत होता आणि एकाच विषयात होता. त्याच्या डोक्यावर दहावीचा सगळा निकाल ठेवला गेला. दहावीत मुले गणितात आणि इंग्रजीत अडकतात, हे कुठल्याही मुख्याध्यापकाला विचारा. बाभळीच्या काट्याने फूल उघडून पाहणाऱ्या मुलाचे इंग्रजी त्यामुळे कच्चे राहिले, असे म्हणणारा माणूस निकाल वाचत नसून निमित्त शोधत असतो. बरे, नववी-दहावीत ही मुले पुन्हा पाठांतराच्या परीक्षेला बसत होती. दोन पद्धतींमधली ही फट बुजवायची असेल तर कार्यक्रम दहावीपर्यंत नेणे हा एक मार्ग होता. त्याऐवजी आठवीपर्यंत जे चालले होते ते मोडले. जो कार्यक्रम सरकार एका आदेशाने बंद करते, त्याला फसलेला कार्यक्रम म्हणणे हा इतिहासाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

होशंगाबादचे सगळे उत्तम होते, असे मी म्हणत नाही. सुरुवातीच्या वर्षांत सगळे विज्ञान मुलाने स्वतः शोधून काढावे, असा एक हट्ट त्यात होता. अणू-रेणू काही काट्याने उघडून दाखवता येत नाहीत; पुढच्या आवृत्त्यांत हे सुधारावे लागले. शाळा वाढल्या तसे किटमधले सामान वेळेवर भरून येईना, प्रशिक्षित शिक्षकांच्या बदल्या होत, आणि 16 शाळांत जी घसट होती ती हजार शाळांत राहणे अवघडच होते. या त्रुटी खऱ्या आहेत, आणि त्यांची नोंद बहुतांशी त्या कामातल्या माणसांनीच करून ठेवली आहे. विरोधकांना त्या नोंदी वाचायचे कष्टही घ्यावे लागलेले नाहीत.

आता दुसरा आक्षेप. महाराष्ट्रात शाळांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था (डाएट) आहेत, पुण्यात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद (एससीईआरटी) आहे, केंद्रावर दरमहा शिक्षण परिषद भरते. विद्यापीठाची लुडबूड कशाला? यंत्रणा आहेत हे खरे. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून डाएट आले, चांगल्या हेतूने आले. पण शिक्षकाला विचारा, गेल्या शिक्षण परिषदेत काय झाले. अमुक ॲपवर माहिती भरा, तमुक सप्ताहाचे फोटो पाठवा, शालेय पोषण आहाराची नोंद राहिली आहे. अपूर्णांकांचा भागाकार मुलांना का कळत नाही, यावर अर्धा तास बोलणे झाले असेल तर तो केंद्रप्रमुख विरळा. शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक कामाला जुंपायला मनाई करते. शिक्षकांच्या मोबाइलमधले व्हॉट्सॲप ग्रुप वेगळीच कहाणी सांगतात. प्रशासन आणि विषयाचा अभ्यास ही दोन कामे एकाच माणसाच्या गळ्यात घातली की अभ्यासाचा बळी जातो. विषयाचे माणूस बाहेरून यावे लागते, ते यासाठी. आणि गंमत अशी की विद्यापीठाची माणसे शालेय शिक्षणात आजही आहेत. बालभारतीच्या विषय समित्यांवर प्राध्यापक बसतात, पाठ्यपुस्तक लिहितात, तपासतात. पुस्तक छापेपर्यंत त्यांची लुडबूड कुणाला खुपत नाही. तेच पुस्तक सातवीच्या वर्गात उघडल्यावर काय होते हे पाहायला त्यांनी यावे, म्हटले की मर्यादा आठवतात.

तिसरा सूर समाधानी लोकांचा असतो. ते म्हणतात, आमचे महाविद्यालय हे सगळे करतेच आहे. राष्ट्रीय सेवा योजना आहे, दत्तक गाव आहे, उन्नत भारत अभियानाची पाच गावे आहेत, विज्ञान दिनाला शाळेत कार्यक्रम असतो. विस्तारकार्य हा अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीचा तिसरा स्तंभ आहे, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने 1977 सालीच म्हटले, आणि महाराष्ट्राच्या 2016 च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार विभागाला जागा आहे. कागद भक्कम आहे. कागदामागे काय असते तेही पाहू. 28 फेब्रुवारीला सकाळी बस येते. बॅनर लागतो, त्यावर प्राचार्यांचे नाव मुलांच्या शाळेच्या नावापेक्षा मोठे. शाल-श्रीफळ होते. पाहुणे सी. व्ही. रामन यांच्याविषयी बोलतात. मुले उन्हात बसलेली. विद्यार्थी ज्वालामुखीचा प्रयोग दाखवतात, व्हिनेगर आणि सोडा उसळतो, टाळ्या पडतात. जिओटॅग फोटो काढला जातो, कारण नॅकच्या मूल्यांकनात तिसऱ्या निकषाखाली विस्तार उपक्रमांची संख्या आणि सहभागी विद्यार्थ्यांचे प्रमाण दाखवावे लागते. मुख्याध्यापकांकडून लेटरहेडवर आभारपत्र घेतले जाते आणि बस जाते. शाळेच्या बाईंना पुढच्या सोमवारी प्रकाशाचे परावर्तन शिकवायचे असते आणि कपाटात धड आरसा नसतो. त्याविषयी त्यांना कुणी विचारलेले नसते.

याला शाळेला मदत म्हणायचे असेल तर म्हणा. माझ्या मते ही शाळेने महाविद्यालयाला केलेली मदत आहे. मूल्यांकनाची गरज महाविद्यालयाची, फोटोतली मुले शाळेची, बुडालेला तासही शाळेचाच. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाने वर्षाला 120 तास द्यायचे असतात. एका महाविद्यालयात शंभर स्वयंसेवक असले तर हे बारा हजार तास होतात. त्यातले हजार तास जरी एकाच परिसरातल्या तीन-चार शाळांत, त्याच त्या मुलांबरोबर, वाचन आणि गणितावर गेले तरी चित्र वेगळे दिसेल. ते भिंती रंगवण्यात आणि गावफेरीत जातात, कारण रंगवलेली भिंत फोटोत दिसते. चौथीतल्या मुलाला हातचा कळल्याचे दिसत नाही.

महाराष्ट्रात याहून चांगले काही घडलेलेच नाही, असेही कुणी समजू नये. 1974 साली मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झाले ते टीआयएफआरच्या पोटातून. आज त्याचे नाव ऑलिंपियाडशी जोडले जाते. आरंभीची त्याची ओळख मात्र महापालिकेच्या शाळांची आणि जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्यासारख्या ग्रामीण भागातल्या कामाची होती. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला केंद्राने महापालिका शाळांतल्या अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काही वर्षे सलग काम केले. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात एक गोष्ट लख्ख दिसली. मुलांचे घोडे विज्ञानापाशी अडत नव्हते, पुस्तकाच्या भाषेपाशी अडत होते. सोप्या मराठीत लिहिलेला मजकूर मिळाला, प्रश्न विचारायची सवय लागली, तेव्हा हीच मुले शालान्त परीक्षेत चमकली. वर्षभरात एकदा येणाऱ्या बसला हा शोध लागला नसता. तो लागायला तीच मुले, तीच माणसे आणि काही वर्षे लागतात. आणि हा शोध निव्वळ परोपकारातून हाती आला नाही. विज्ञानाचे शिक्षण आणि भाषा यांच्या नात्याविषयी तो भर घालणारा अभ्यास होता. शाळेत जाणे म्हणजे संशोधनाचा वेळ वाया घालवणे, असे मानणाऱ्या विभागप्रमुखांनी हे लक्षात घ्यावे.

पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेने जयंत नारळीकरांच्या काळात शाळकरी मुलांसाठी दुसऱ्या शनिवारची व्याख्याने सुरू केली. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला नारळीकर सांगत की पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तरासोबत स्वाक्षरी मिळेल. होशंगाबादहून निघालेली अरविंद गुप्तांची खेळणी तिथल्याच मुक्तांगण विज्ञान शोधिकेत 2003 पासून दशकभर बनत राहिली आणि जगभर गेली. या कामाविषयी मला आदर आहे. तरी ते आणि शाळेला साथ देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शनिवारी आयुकात येऊ शकणारे मूल आधीच थोडे पुढे असते. अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेतल्या मुलाचा शनिवार पुण्यापासून फार लांब असतो, आणि त्याच्या जवळचे विद्यापीठ जळगावला आहे, त्याहून जवळ तालुक्याचे महाविद्यालय. साथ द्यायची तर ती त्या महाविद्यालयाने द्यायला हवी.

इथे चौथा आक्षेप येतो, आणि तो मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तालुक्याच्या त्या महाविद्यालयात भौतिकशास्त्राला कायम प्राध्यापक नाही. जो आहे तो तासिका तत्त्वावर, तासाचे पैसे मिळवणारा, मानधन महिनोन्महिने रखडलेला. त्याला शाळेत जा म्हणणारे तुम्ही कोण? हा प्रश्न मला मान्य आहे. ज्याचे स्वतःचे पोट तासांवर मोजले जाते त्याच्याकडून बिनपगारी समाजसेवा मागणे निर्लज्जपणाचे आहे. पण या युक्तिवादातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. रिक्त जागा भराव्यात, हे त्याचे उत्तर. शाळांचे काम करू नये, हे उत्तर नव्हे. होशंगाबादची व्यवस्थाही हेच सांगते : माणूस हवा तर त्याला फेलोशिप द्या, रजा द्या, प्रवासभत्ता द्या. तासिका तत्त्वावरच्या तरुण प्राध्यापकाला शाळेतल्या तासाचेही पैसे मिळाले तर तो आनंदाने जाईल. त्यातले अनेक जण त्याच जिल्हा परिषदेच्या शाळेतून शिकून वर आलेले असतात. तिथली भाषा त्यांना शहरातल्या तज्ज्ञापेक्षा जास्त येते.

नव्या श्रेयांक आराखड्यात पदवीच्या विद्यार्थ्यांनाही क्षेत्रप्रकल्प आणि सामुदायिक सहभाग करावा लागतो. ही दारे उघडलेली आहेत. त्यांतून पुन्हा सर्वेक्षणाचे अर्ज आणि स्पायरल बाइंडिंग केलेले अहवाल निघणार असतील तर ती मुळीच उघडली नसती तरी चालले असते. विद्यापीठांच्या अधिसभेत बसणाऱ्या सदस्यांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक महाविद्यालयाने दहा-पंधरा किलोमीटरच्या आतल्या चार शाळा घ्याव्यात आणि पाच वर्षे सोडू नयेत. त्यासाठी दोन विषयशिक्षकांचा आठवड्यातला काही कार्यभार अधिकृतपणे तिकडे वळवावा, फुकट नव्हे. महिन्याची एक बैठक शाळेच्या शिक्षकांची असावी, तिचा विषय शिक्षकांनी ठरवावा आणि ती केंद्राच्या शिक्षण परिषदेत धरली जावी, म्हणजे त्यांच्यावर आणखी एक हजेरी लादली जाणार नाही. पाहुण्यांचे भाषण त्या बैठकीत नको. फोटोही नको, पाच वर्षांनी शिक्षकांनी लिहिलेली नोंद मूल्यांकनाला पुरेशी मानावी. आणि शाळेतला शिक्षक ज्या परीक्षेमुळे अडतो, तिच्याविषयी विद्यापीठाने राज्य मंडळाशी आणि एससीईआरटीशी भांडावे. हे भांडण तालुक्याचा गुरुजी एकटा करू शकत नाही.

यातले काही अशक्य आहे असे ज्यांना वाटते त्यांनी जरूर तसे म्हणावे, कारणांसह. फक्त होशंगाबादचा दाखला देऊ नये. तिथे 1972 ते 2002 अशी तीस वर्षे हे शक्य झाले होते.